‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’चा शिक्का तपासायचा कसा: वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

केसपेपरच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, लाल शाईने लिहिलेलं असतं: ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’. खाली दोन रेघा. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्या वेळी नेमकं काय झालं होतं, यातलं काहीच तिथे नसतं. तरी पुढचा प्रत्येक डॉक्टर ते वाचतो, औषध बदलतो आणि तीच ओळ आपल्या कागदावर उतरवून घेतो.

मुंबईत पालिकेच्या एका रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काम करते आहे. नवे हाउसमन, इंटर्न, सिस्टर आणि फार्मासिस्ट आले की पहिल्या आठवड्यातच मी त्यांना या लाल ओळीबद्दल सांगते. जे तोंडी सांगते तेच इथे लिहिलं आहे. अ‍ॅलर्जी हे एक निदान आहे. न्यूमोनियाचं निदान आपण एक्स-रे न बघता पुढे चालवत नाही, मग हे तरी का चालवायचं?

अमेरिकेत दर १०० रुग्णांपैकी सुमारे १० जणांच्या कागदावर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते. नीट तपासलं तर त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलीन व्यवस्थित चालतं. खरी अ‍ॅलर्जी होती अशांचीही ती कायम राहत नाही. लगेच उठणाऱ्या प्रकारची अ‍ॅलर्जी पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांची आणि दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची ओसरते.

‘नसेल अ‍ॅलर्जी, पण दुसरं औषध दिलं तर काय बिघडतं?’ हा प्रश्न दर वेळी येतो. बिघडतं. रक्तात साधा स्टॅफ हा जंतू असेल, म्हणजे मेथिसिलिनला दाद देणारा, तर सेफाझोलिनसारखं बीटा-लॅक्टम (पेनिसिलीन आणि त्याच्या नात्यातलं) औषध व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं. ऑपरेशनच्या आधी सेफाझोलिनऐवजी क्लिंडामायसिन दिलं की जखम चिघळण्याचं प्रमाण वाढतं. शिक्का असलेल्या रुग्णांत एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ) आणि सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचा जुलाब जास्त आढळतो. शिवाय व्हॅन्कोमायसिन मूत्रपिंडावर येतं ते वेगळंच.

आधी पिशवी उघडा

आपल्याकडे रुग्ण येतो तो प्लास्टिकची पिशवी घेऊन. कापडाच्या दुकानाची, मिठाईच्या दुकानाची, कडा फाटलेली. तिच्यात दहा-पंधरा वर्षांचे कागद असतात: फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, जुनी डिस्चार्ज कार्डं, मेडिकलची बिलं, घड्या पडून पिवळे झालेले रिपोर्ट. रुग्णाला प्रश्न विचारण्याआधी ती पिशवी मागा आणि दहा मिनिटं द्या.

दोन गोष्टी शोधायच्या. हा शिक्का पहिल्यांदा कोणत्या कागदावर दिसतो? आणि त्यानंतर कधी पेनिसिलीन गटातलं औषध दिलं गेलं आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मेडिकलच्या बिलात सापडतं. ऑगमेंटिन, मॉक्स, अ‍ॅम्पिसिलिन-क्लॉक्सासिलिनची कॅप्सूल, पिपरासिलिनचं इंजेक्शन, ही सगळी त्याच कुटुंबातली आहेत. रुग्णाला ‘पेनिसिलीन’ हे नाव माहीत असतं, पण ऑगमेंटिन हे त्याचंच भावंड आहे हे माहीत नसतं. शिक्क्यानंतर त्याने दाढेसाठी पाच दिवस ऑगमेंटिन खाल्लं असेल आणि काही झालं नसेल, तर निम्मं काम तिथेच झालं.

मग बसून बोला

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. राउंडमध्ये उभ्या उभ्या ‘कसली अ‍ॅलर्जी आहे का?’ असं विचारलं की हो किंवा नाही एवढंच हाती लागतं. स्टूल ओढा, बसा.

लालबागच्या एका काकू पायाच्या सेल्युलायटिससाठी (कातडीखालच्या संसर्गासाठी) आल्या होत्या. कागदावर पेनिसिलीन अ‍ॅलर्जी आणि पुढे ‘अर्टिकेरिया’.

“काकू, पेनिसिलीन चालत नाही असं लिहिलंय. काय झालं होतं तेव्हा?”

“पित्त झालं होतं ना, डॉक्टर. भयंकर.”

“पित्त म्हणजे अंगावर उठलं, की पोटात?”

“पोटात हो! आंबट पाणी यायचं तोंडात. दोनदा उलटी झाली. सकाळी नुसत्या चहावर घेतली होती गोळी.”

“अंगावर काही उठलं? खाज, गांधी?”

“अंगावर काहीच नाही.”

आपल्या भाषेत पित्त दोन ठिकाणी होतं. पोटातलं पित्त म्हणजे जळजळ, मळमळ. अंगावर उठणारं पित्त म्हणजे गांधी, म्हणजेच अर्टिकेरिया. काकूंचं पोटातलं पित्त कुठल्याशा घाईच्या दिवशी कागदावर अंगावरचं होऊन बसलं होतं. रात्री साडेतीनला चाळीसावा पेशंट बघताना कुणाच्याही हातून हे होऊ शकतं. पण नंतर कुणीतरी बसून विचारायला हवं होतं.

असे आणखी काही शब्द आहेत, त्यांची उकल नीट करून घ्या. ‘औषध गरम पडलं’ यात तोंड येण्यापासून लघवीच्या जळजळीपर्यंत काहीही असू शकतं, त्याला अ‍ॅलर्जी समजू नका. पण ‘तोंड आलं’ म्हणाले तर तिथे थांबा. दोन-चार छाले होते, की ओठ, डोळे, लघवीची जागा असं सगळीकडे सोलवटलं होतं? ‘फोड आले’ म्हणजे पुरळ, की पाणी भरलेले फोड? ‘कातडी निघाली’, ‘सालं निघाली’ हे शब्द ऐकले की पुढचं सगळं बाजूला ठेवा. तो स्टीव्हन्स-जॉन्सनचा, म्हणजे औषधाने कातडी सोलवटण्याच्या जीवघेण्या प्रतिक्रियेचा, इतिहास असू शकतो. ‘रिअ‍ॅक्शन आली’ या शब्दातून तर काहीच कळत नाही, त्याच्या मागे काय आहे ते खणावं लागतं. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला’ हे सुई टोचल्यावर घाबरूनही होतं. ‘घसा दाटला’, ‘श्वास कोंडला’, ‘ओठ सुजले’ हे मात्र गंभीरपणे लिहून घ्या.

औषध घेतल्यापासून किती वेळाने झालं हे विचारा. ‘किती मिनिटांनी’ असं विचारू नका, आठवत नाही. ‘दवाखान्यातून घरी पोचायच्या आत झालं, की दुसऱ्या दिवशी, की कोर्स संपत आल्यावर?’ असं विचारलं की आठवतं. साल विचारतानाही तेच. ‘मुलगी तेव्हा शाळेत होती का? गिरणी चालू होती का? २६ जुलैच्या पुराच्या आधी की नंतर?’ २००५ चा तो पाऊस मुंबईत प्रत्येकाला आठवतो, त्यावरून वर्षाचा अंदाज सहज बांधता येतो.

त्रास झाल्यावर काय केलं हेही विचारा. औषध बंद केलं आणि आपोआप बरं वाटलं? एव्हिल (खाज-गांधींवरचं) आणि एफकॉर्लिन (स्टेरॉइड) टोचलं? दाखल करावं लागलं? आणि त्या औषधाबरोबर दुसरं काय चालू होतं? तापाच्या चिठ्ठीत अमॉक्सिसिलिनच्या शेजारी डायक्लोफिनॅक असतंच. गुन्हेगार ते असलं तरी नाव अँटिबायोटिकचं लागतं. जुलाबाच्या गोळीने दर वेळी त्याच जागी काळा-निळा चट्टा उठत असेल तर तो फिक्स्ड ड्रग इरप्शन. त्या गोळीत बहुतेक दोन औषधं एकत्र असतात. रुग्ण मात्र ‘सल्फा’ किंवा ‘पेनिसिलीन’ सांगून मोकळा होतो, कारण तीच दोन नावं घरात ऐकलेली असतात.

घरातलं कुणीतरी दगावलं होतं म्हणून शिक्का लागलेलेही पुष्कळ भेटतात. ‘आमच्या वडिलांना चालत नव्हतं.’ वडिलांची अ‍ॅलर्जी वारशाने येत नाही. पण हे सांगताना हळुवार सांगा, त्या वाक्यामागे कधी कधी एखादा मृत्यू असतो.

मुंबईत हे शिक्के कुठून येतात

पावसाळ्यात सगळ्यात जास्त. डेंग्यूच्या रुग्णाला पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी अमॉक्सिसिलिन दिलेलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी डेंग्यूचं पुरळ येतं आणि दोष औषधावर जातो. ग्रंथींच्या तापातही, म्हणजे ईबीव्हीच्या संसर्गात, अमॉक्सिसिलिन दिल्यावर अंगभर पुरळ उठतं. ते बहुतेकांना पुन्हा कधी येत नाही.

साचलेल्या पाण्यातून चालून लेप्टो झालेल्यांना आपण क्रिस्टलाइन पेनिसिलीन देतो, १५ लाख युनिट दर सहा तासांनी. पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी, ताप, बीपी खाली, असं होऊ शकतं. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांना शरीराने दिलेली ही प्रतिक्रिया आहे, हिला यारिश-हर्क्सहायमर म्हणतात. अंगावर गांधी नाहीत, छातीत शिट्टी नाही. बीपी सांभाळायचंच, कारण हीसुद्धा हलक्यात घेण्यासारखी गोष्ट नाही. पण ‘अ‍ॅलर्जी’ लिहायचं नाही.

गिरणगावातले जुने रुग्ण वेगळीच हकिकत सांगतात. “कंबरेत सुई दिली आणि वाटलं, आता मी मरतो. कानात आवाज, छातीत धडधड.” पाच-दहा मिनिटांनी सगळं शांत. हे प्रोकेन पेनिसिलीन असण्याची शक्यता मोठी. त्यातलं प्रोकेन रक्तात पटकन गेलं की अशी मरणभीती वाटते. ती पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी नव्हे.

व्हॅन्कोमायसिन भराभर सोडलं की मान-चेहरा लालबुंद होतो, खाज सुटते. ती वेगाची चूक असते. १ ग्रॅम किमान एका तासात सोडायचं. फाइलवर लिहायचं ते ‘सावकाश द्या’.

हातावरचं वर्तुळ

आणि आता टेस्ट डोस. आपल्या वॉर्डातला चुकीच्या शिक्क्यांचा हा मोठा कारखाना आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

ट्रीटमेंट शीटवर सेफट्रायाक्सोनपुढे ‘टेस्ट करून’ असं लिहिलेलं असतं. सिस्टर व्हायलमधलं औषध अंदाजाने पातळ करते, हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थोडंसं टोचते, बॉलपेनने भोवती वर्तुळ काढते आणि शेजारी वेळ लिहिते. काही वेळाने वर्तुळात लाली दिसली की ‘पॉझिटिव्ह’. शेजारी नुसत्या सलाइनचा थेंब टोचून तुलना केलेली नसते. औषध नेमकं किती पातळ केलं हे ठरलेलं नसतं. दाट औषध कातडीत गेलं की ते कुणाचीही कातडी चिडवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा व्हॅन्कोमायसिन असं टोचलं तर अ‍ॅलर्जी नसलेल्यांनाही गांध उठते, कारण ही औषधं पेशींमधून हिस्टामिन थेट बाहेर काढतात. उलट टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून रुग्ण सुरक्षित आहे असंही नाही. चीनमध्येही सेफॅलोस्पोरिनआधी (सेफट्रायाक्सोन, सेफाझोलिन यांचा गट) सरसकट अशी टेस्ट करायची पद्धत होती. २०२१ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने ती करू नये असं सांगितलं.

इंटर्न असताना, दुसऱ्या एका रुग्णालयात, असंच वर्तुळ पाहून मी स्वतः लाल पेन उघडलं होतं. शेजारी लिहिलेली वेळ अजून आठवते, ‘११.१०’. रक्तात साधा स्टॅफ निघाला. सेफाझोलिनऐवजी व्हॅन्कोमायसिन चालू झालं आणि दहाव्या दिवशी क्रिएटिनिन चढलं, म्हणजे मूत्रपिंडाला त्रास झाला. त्या गृहस्थांना आधीच्या वर्षी सेफट्रायाक्सोनचा पूर्ण कोर्स मिळाला होता. ते डिस्चार्ज कार्ड त्यांच्या पिशवीत होतं. मी पिशवी उघडली नव्हती.

नव्या माणसाने वॉर्डाची पद्धत एकट्याने मोडू नये. सिस्टरशी वाद घालू नका, ती नियमाप्रमाणेच वागते आहे. विषय युनिटप्रमुखांकडे न्या. पण फाइलवर ‘अ‍ॅलर्जी’ लिहिण्यापूर्वी ‘केवळ टेस्ट डोसच्या जागी लाली, अन्य लक्षण नाही’ एवढं तरी लिहा. पुढच्या माणसाला ते वाक्य खूप उपयोगी पडतं.

तीन ढीग

बोलणं झालं की रुग्ण तीन ढिगांत पडतात.

पहिल्यात फक्त बोलून शिक्का निघतो: मळमळ, जुलाब, डोकेदुखी असे साधे त्रास, नातेवाइकाची अ‍ॅलर्जी, किंवा नंतर तेच औषध विनातक्रार घेतलेलं. लालबागच्या काकू यातल्या. इथेही सीनियरना सांगून, त्यांच्या सहीनेच नोंद बदलायची.

दुसऱ्या टोकाच्या ढिगाला हात लावायचा नाही. कातडी सोलवटणं, अंगभर पुरळासोबत ताप आणि लिव्हर बिघडणं, पुवाने भरलेल्या बारीक फोडांची लाट, औषधाने रक्तपेशी फुटणं, मूत्रपिंड किंवा लिव्हरला झालेली इजा, सांधे सुजून आलेला ताप. यांना ते औषध ‘जरासं देऊन बघू’ हे कधीच नाही, कितीही वर्षं झाली तरी नाही. इथे शिक्का उलट जास्त स्पष्ट लिहा: कोणतं औषध, काय झालं, कोणत्या साली.

उरलेला मधला ढीग सगळ्यात मोठा. त्याच्यासाठी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी मांडलेला ‘पेन-फास्ट’ हा गुणांचा हिशेब सोपा आहे. त्रास पाच वर्षांच्या आत झाला असेल तर २ गुण. अ‍ॅनाफिलॅक्सिस (श्वास कोंडणारी, बीपी पाडणारी तीव्र प्रतिक्रिया), ओठ-चेहऱ्याची सूज किंवा कातडीची गंभीर प्रतिक्रिया असेल तर २. त्रासावर उपचार करावे लागले असतील तर १. माहीत नसेल तर गुण धरायचा. बेरीज ३ पेक्षा कमी आली तर धोका कमी, खरी अ‍ॅलर्जी निघण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. हा हिशेब प्रौढांसाठी आणि पेनिसिलीनपुरताच आहे. सल्फा किंवा क्विनोलोन अशा दुसऱ्या गटांच्या औषधांना तो लावू नका. कातडीची गंभीर प्रतिक्रिया असेल तर बेरीज कितीही येवो, रुग्ण वरच्या दुसऱ्या ढिगातच.

एक कॅप्सूल, एक तास

कमी धोक्याच्या रुग्णाला आधी त्वचेची चाचणी न करता थेट तोंडाने एक डोस देऊन बघता येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅलेस’ या अभ्यासात अशा रुग्णांत थेट डोस हा आधी त्वचाचाचणी करून दिलेल्या डोसइतकाच सुरक्षित निघाला. दोन्ही गटांत २०० पैकी साधारण एकालाच त्रास झाला.

हे एकट्याने, रात्री, मनात आलं म्हणून करायचं नाही. युनिटप्रमुखांची लेखी संमती हवी, रुग्णाची स्वतःच्या भाषेत समजावून घेतलेली संमती हवी. रुग्ण स्थिर हवा: दमा आटोक्यात, बीपी ठीक, चालू पुरळ नाही. गेल्या काही दिवसांत सेटिरिझिन, एव्हिल किंवा स्टेरॉइड दिलं असेल तर थांबा, ते खरी प्रतिक्रिया झाकून टाकतं. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर सीनियरना आवर्जून सांगा, कारण प्रतिक्रिया आलीच तर अ‍ॅड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो. गरोदर बाईंच्या बाबतीत निर्णय तज्ज्ञांवर सोडा.

सकाळची वेळ निवडा, वॉर्डात माणसं असतात. अ‍ॅड्रेनालिनचं अँप्यूल आणि सिरिंज ट्रेमध्ये, पलंगाजवळ. कपाटात नव्हे, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्याची ती वेळ नसते. नाडी, बीपी, ऑक्सिजन, छाती बघून लिहा. मग अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ, एक कॅप्सूल. किमान एक तास नजर. दर पंधरा मिनिटांनी जाऊन विचारा, “काकू, कसं वाटतंय?” आणि हात, पोट, पाठ उघडून बघा.

अंगभर गांधींबरोबर श्वासाचा त्रास, घशाची सूज किंवा बीपी पडणं असं काही दिसलं की पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन. प्रौढाला १:१००० मधलं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं करा, पाय वर. एव्हिल-एफकॉर्लिन त्याच्यानंतर. आपल्याकडे हात सवयीने आधी त्या दोन अँप्यूलकडे जातो, ती सवय मोडा.

सेफॅलोस्पोरिनबद्दल थोडक्यात. ‘पेनिसिलीन चालत नाही म्हणजे १० टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनही चालत नाही’ हा आकडा जुना झाला. आता तो २ टक्क्यांच्या आत धरतात आणि त्याचं कारण रेणूची बाजूची साखळी आहे. अमॉक्सिसिलिनची साखळी सेफाड्रॉक्सिलशी जुळते, अ‍ॅम्पिसिलिनची सेफालेक्सिनशी. सेफाझोलिनची कुणाशीच जुळत नाही. भुलीच्या डॉक्टरांना फिटनेसच्या वेळीच हे सांगितलं तर पुष्कळ रुग्णांना ऑपरेशनआधी योग्य औषध मिळतं.

शिक्का जिथे जिथे आहे, तिथून काढा

इथवर नीट काम करून शेवटी हात आखडतो, आणि महिन्याभराने तोच रुग्ण तोच शिक्का घेऊन परत येतो. म्हणून फिरून बघा: केसपेपर, ट्रीटमेंट शीट, पलंगाच्या डोक्याशी लावलेला बोर्ड, मनगटावरची पट्टी, संगणकातली नोंद, भुलीच्या विभागाचा फिटनेस पेपर. जुनी ओळ खोडून काळी करू नका, कागद फाडू नका. एक आडवी रेघ, तारीख, सही, आणि कारण.

डिस्चार्ज कार्डावर मी साधारण असं लिहिते: ‘आधीची नोंद: पेनिसिलीन अ‍ॅलर्जी, पुरळ, अंदाजे २००४. सविस्तर विचारपूस केली. आज अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ देखरेखीखाली दिलं, एक तासात त्रास नाही. पेनिसिलीन गटाची औषधं देता येतील. जुनी नोंद रद्द.’ मराठीत एकदा आणि डॉक्टरांसाठी इंग्रजीत एकदा. फॅमिली डॉक्टरांचा नंबर रुग्णाकडून घेऊन त्यांनाही कळवा, कारण त्यांच्या रजिस्टरमधला शिक्का आपल्या पेनाने निघत नाही.

डोसनंतर प्रतिक्रिया आली, किंवा वॉर्डात नवी प्रतिक्रिया दिसली, तर संशयित दुष्परिणामाचा फॉर्म भरून आपल्या रुग्णालयाच्या एडीआर केंद्रात द्या. केंद्र नसेल तर भारतीय औषधनिगराणी कार्यक्रमाची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

निघताना काकूंना विचारलं, “पुढच्या दवाखान्यात विचारलं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, तर काय सांगाल?”

“सांगेन, पेनिसिलीन चालतं. उपाशीपोटी घेऊ नको म्हणाल्यात डॉक्टर.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि ते जुनं कार्ड मुलाच्या पाकिटात आहे. तो नाही काढणार.”

मुलगा लिफ्टपाशी उभा होता. त्याला बोलावून घेतलं, पाकिटातलं घडी घातलेलं कार्ड त्याच्यासमोर उघडलं, रेघ मारली, तारीख घातली आणि नवं कार्ड त्याच कप्प्यात ठेवायला सांगितलं. कॅप्सूल देऊन तपासलेल्या रुग्णांबाबत एक काम अजून उरतं. उशिरा येणारं पुरळ तीन-चार दिवसांनीही दिसू शकतं, म्हणून पाचव्या दिवशी घरी फोन करायचा आणि ‘ठीक आहे ना?’ असं न विचारता ‘अंगावर, पाठीवर, मांडीवर काही उठलं का, बघून सांगा’ असं विचारायचं.